उजव्या गालावरची चीर

गोदामाला खिडकी नव्हती. बाहेर ऊन असो की धुकं, आत बारा महिने एकच हवा आणि एकच उजेड. चित्रांना तसंच लागतं म्हणे. माणसांना काय लागतं ते कोणी विचारलं नव्हतं. छताजवळच्या नळांतून थंड हवा एका सुरात घुमत राहायची, आणि तिथे चाळीसवर वर्षं काढलेल्या त्या माणसाच्या कानात ती घरी जेवतानाही घुमायची.

त्याला सगळे ‘जैसेथे’ म्हणत. हुद्दा तपासनीसाचा. वर्षातून एकदा प्रत्येक पेटीसमोर उभं राहायचं, झाकणावरचं सील बघायचं, पेटी काट्यावर चढवायची, वजन बघायचं आणि पाहणीपत्रकावर ‘जैसे थे’ लिहून सही करायची. सील शाबूत असेल तर पेटी उघडायची नाही, हा तिथला पहिला नियम. पेट्यांमध्ये मोठमोठी चित्रं होती. ती विकली जायची, पुन्हा विकली जायची, पण जागची हलायची नाहीत. मालक परदेशात कुठेतरी जेवायला बसलेला असायचा, दुसरा मालक दुसरीकडे. कागद इकडचा तिकडे व्हायचा, पेटीवरची चिठ्ठी बदलायची आणि व्यवहार पुरा. माल पाहायचा म्हणून कोणी येत नसे. तपासनीसाची सही असली की पुरे.

त्या सहीवर त्याचा जीव होता. छत्तिसाव्या वर्षापर्यंत तो अंगठेबहाद्दर. याच गोदामात हमाल म्हणून लागला, सोळा वर्षं पाठीवर आणि हातांवर पेट्या वाहिल्या. मग मुलगी तिसरीत गेली आणि जेवणाच्या टेबलावर तिच्या पाटीशेजारी बापाची पाटी आली. मुलगी कडक मास्तरीण. बापाचा ‘क्ष’ चुकला की पट्टी आपटायची. तो सही शिकला तेव्हा त्याने महिनाभर जिथे तिथे सही केली, दुधाच्या पिशवीवरसुद्धा. पुढे चौदा वर्षं वाचत-लिहीत राहिला, आणि पन्नाशीला गोदामाने त्याला तपासनीस केलं. हमालाचा तपासनीस झालेला तो पहिलाच.

तपासनीस झाल्यावर त्याच्यासमोर आलेली पहिली पेटी म्हणजे दोनशे चौदा.

आता ती नवव्या रांगेत होती, आणि नवव्या रांगेत जायचं टाळता येईल तेवढं तो टाळत असे.

*

सोमवारी सकाळी मॅनेजरने त्याला बोलावलं. मॅनेजर तरुण होता, नीट बोलायचा, खुर्ची द्यायचा.

“बसा, काका. दोनशे चौदावर दावा आलाय.”

तपासनीस बसला.

“एक म्हातारी बाई आहे. ती म्हणते, चित्र तिच्या आईचं आहे. बापाने काढलं होतं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, मेल्यावर मोठा झाला. वाईट दिवसांत त्यांचं घर तासाभरात खाली करायला लावलं, दाराला कुलूप ठोकलं, आतलं सगळं कोणी कोणी नेलं. आई वाटेतच गेली. चित्र फिरत फिरत बाजारात आलं. आपल्याकडे आल्यापासून पाच वेळा विकलं गेलंय.”

“मग आत्ताचा मालक काय म्हणतो?”

“तो म्हणतो, मी बाजारभावाने घेतलं, चोरीचा माल आहे हे मला कसं कळणार? शिवाय चित्रातली बाई तुमची आई कशावरून? त्या चित्रकाराने शिवण करणाऱ्या बायका डझनभर काढल्यात. विक्रीच्या पुस्तकात फोटो आहे, पण तो तळहाताएवढा, आणि चेहऱ्यावर सावली.” मॅनेजरने एक कागद पुढे सरकवला. “कोर्टाने म्हटलंय, निकाल लागेपर्यंत पेटी आहे तशी ठेवा. उघडू नका. फक्त माल सुखरूप आहे असं तपासनीसाचं प्रतिज्ञापत्र द्या. पुढच्या सोमवारी कोर्टाचा अधिकारी येईल, त्याच्यासमोर शपथेवर सही करायची. आल्या दिवसापासून आजतागायत पेटी उघडलेली नाही, आतल्या मालात बदल नाही.”

तपासनीसाने कागद हातात घेतला. छापील अक्षरं. तो अजूनही छापील अक्षरं ओठ हलवून वाचायचा.

“आणि मी सही नाही केली तर?”

मॅनेजर हसला. “का नाही करणार? अकरा वेळा केलीय ना.”

*

अकरा सह्यांपैकी पहिल्या तीन खऱ्या होत्या.

आठ वर्षांपूर्वी पेटी तिसऱ्यांदा विकली गेली. नव्या मालकाची जागा नवव्या रांगेत होती, म्हणून त्या वेळी फक्त चिठ्ठी न बदलता पेटी खरोखरच हलवायची होती. हमाल एकच हजर होता, पैलवान. नाव पैलवान, अंगात मात्र वाळल्या शेंगेइतकं मांस. दोघांनी मिळून उचलू म्हणून तपासनीसाने एक बाजू धरली. जुनी सवय, मजा वाटली त्याला.

चौकटीतलं चित्र पेटीत उभं असतं. चौकट चहूबाजूंनी, तिचं वजन खाली तसंच वरही. त्यामुळे दोघे पेटी घेऊन कोपऱ्यावर वळले की पेटीचं डोकं वळणाबाहेर जरा झुकतं आणि वरच्या हाताला ओढ बसते. हमाल लोक त्याला ‘डोकं देणं’ म्हणतात. पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नाही, पण हमालाचा हात ते विसरत नाही.

पाचव्या रांगेच्या कोपऱ्यावर ते वळले. पेटीने डोकं दिलं नाही.

“अरे,” पैलवान थांबून म्हणाला, “हिचं डोकं कुठे गेलं?”

तपासनीसालाही ते कळलं होतं, पैलवानाच्या आधी. सगळं वजन खाली, तळाशी. वर काहीच नाही. त्याने पेटी खाली ठेवली, सील बघितलं. शाबूत. काट्यावर नेली. एकतीस किलो. आल्या दिवशीही एकतीस.

“काटा बघ,” तो पैलवानाला म्हणाला, आवाज चढवून. “हात काय सांगतात ते हमालाला विचारावं. मी तपासनीस आहे.”

पैलवानाने बाही वर सारली, पेटीची दुसरी बाजू धरली आणि पुढे बघत उभा राहिला.

त्या दिवशी पत्रकावर ‘जैसे थे’ लिहिताना त्याला पहिल्यांदाच ते शब्द लिहायला वेळ लागला. कागदाने सांगितलेलं खरं की हाताने? आयुष्यभर ज्याला लोकांनी अडाणी म्हणून हिणवलं, त्याला कागदाशिवाय दुसऱ्या कशावर विश्वास ठेवायची लाज वाटली. एवढीच गोष्ट. पण एकदा सही झाल्यावर पुढच्या वर्षी वेगळं कसं लिहिणार? तिसऱ्या वर्षी तर विचारायलाच नको. मूग गिळून बसला तो बसलाच.

आणि ती यायला लागली.

भूतबित मानणारा तो नव्हता. गोदामात लाकूड तडतडतं, लोकांना वाटतं कोणी ठोठावतंय, तो हसायचा. पण ही ठोठावत नव्हती. ती फक्त बसलेली असायची. दवाखान्यातल्या बाकावर, बसथांब्याच्या टोकाला, एकदा तर भर दुपारी समोरच्या घराच्या पायरीवर. मांडीवर पुरुषाचा सदरा, हातात सुई, मान खाली. बटण लावायचं चालू. चित्रात होती तशीच. हात स्पष्ट, नखं स्पष्ट, सदऱ्याचा निळा रंग स्पष्ट. मान वर केली की चेहऱ्याच्या जागी कोरं कापड. नाक नाही, डोळे नाहीत. वर न रंगवलेल्या कापडाची नुसती वीण.

भीतीपेक्षा त्याला दुसऱ्याच गोष्टीने छळलं. चेहरा त्याने पाहिला होता! पेटी आली तेव्हा उघडून, भिंग घेऊन, अर्धा दिवस. जगात तिला पाहणारा बहुतेक तो शेवटचा. मग आठवत का नव्हता?

*

गुरुवारी म्हातारी आली. कोर्टाने तिला दहा मिनिटं दिली होती. पेटी बाहेरून बघायची, हात लावायला हरकत नाही, उघडायची नाही.

ती ऐंशीला टेकलेली, बुटकी, डोळ्यांत सतत पाणी साचलेलं. तिचा खटला लढवणाऱ्या तरुण वकील मुलीच्या दंडाला धरून ती नवव्या रांगेत चालत आली. मागून मॅनेजर. पैलवान उगाच एक ट्रॉली पुसत जवळच रेंगाळत होता.

“ही?” म्हातारीने विचारलं.

“ही, बाई.”

“उभी ठेवलीय की आडवी?”

“उभी. आम्ही आडवी कधीच ठेवत नाही.”

“बरं केलंत. आडवं पडलं की तिची पाठ धरायची, असं बाबा सांगायचे.”

वकील मुलीने दुसरीकडे पाहिलं. म्हातारीने तळहात पेटीच्या फळीवर ठेवला. फळी साधी, पिवळट, कोपऱ्यात बाणाची खूण. थंड हवा घुमत होती.

“आई, मी आले गं,” ती म्हणाली. “उशीर झाला.”

तपासनीसाला वाटलं, आता आतून काही ऐकू येऊ नये. आणि काही आलं नाही म्हणूनच त्याला फळीकडे बघवेना.

म्हातारी त्याच्याकडे वळली. “तुम्हीच सांभाळता ना हिला?”

“हो.”

“पाहिलंय कधी?”

“एकदाच. बारा वर्षांपूर्वी, आली तेव्हा.”

“कशी आहे?”

सवयीचे दोन शब्द जिभेवर आले आणि तिथेच अडकले.

“मी चार वर्षांची होते हो,” म्हातारी म्हणाली. “मला हात आठवतात. चेहऱ्याचं म्हणाल तर फक्त गालावरचा व्रण. झोपताना मी त्यावरून बोट फिरवायची.”

“व्रण नव्हे, बाई. चीर आहे ती. रंगाची.”

हे आपणच बोललो, हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. कामाच्या माणसाची जीभ अशीच. कोणी कामातलं चुकीचं बोललं की ती गप्प बसत नाही.

“उजव्या गालावर,” तो सांगत गेला, “कानाच्या पाळीपासून खाली. पाऊण बोट. मी नोंदवलीय.”

“काका!” मॅनेजर म्हणाला.

“कुठे नोंदवलीय?” वकील मुलीने विचारलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

“पहिल्या पत्रकात. आली त्या दिवशीच्या.”

“आम्हाला तर फक्त गेल्या वर्षीचं पत्रक मिळालं. दोन शब्दांचं.”

म्हातारीला या कशाशी घेणं नव्हतं. तिने तपासनीसाची बाही धरली होती. “सरळ आहे का हो ती? तुमची चीर?”

“नाही. खाली आत वळलेली. विळ्यासारखी.”

म्हातारीने आपल्याच गालावर, सुरकुत्यांमधून, बोटाने हळूच रेघ ओढली. पाळीपासून खाली, आणि आत.

“अशी?”

“अशीच.”

“लहानपणी जिन्यावरून पडली होती ती. खाली पत्र्याची बादली होती, तिची कड लागली.” म्हातारी हसत होती आणि डोळ्यांत साचलेलं पाणी आता सांडत होतं. “बाबांना सगळे म्हणाले होते, चित्रात तरी ते झाका. ते म्हणाले, मग ती दुसरीच कोणी होईल.”

पैलवानाने ट्रॉली पुसायची थांबवली.

तपासनीस उभा होता तिथेच उभा राहिला. जुन्या रंगाच्या चिरा कशा असतात ते त्याला पाठ होतं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या, एकीला एक लागून. ही एकटी होती. वळलेली होती. भिंगाखाली तिच्या कडेला गुलाबी छटा दिसली होती, तेव्हा त्याला वाटलं, खालचा थर वर आला असेल. नवा तपासनीस, नुकसान शोधायला शिकवलेला. त्याने त्या बाईच्या चेहऱ्यात अर्धा दिवस फक्त खराबी शोधली होती. चेहरा त्याने बघितलाच नव्हता. म्हणून आठवत नव्हता.

*

“कळतंय का तुम्ही काय केलंत?” खोलीचं दार लावून मॅनेजर म्हणाला. “त्या एका पत्रकाने तिचा दावा अर्धा सिद्ध झाला. फोटोत नसलेली खूण तिने अर्जात आधीच लिहिली होती, आणि तुम्ही बारा वर्षांपूर्वी!”

“खरं तेच बोललो, साहेब.”

“बोललात, झालं. तो मालकाचा प्रश्न. मालक अपील करेल, आठ-दहा वर्षं सहज जातील. आपला प्रश्न एकच, सोमवारचं प्रतिज्ञापत्र.”

“बाई ऐंशीच्या आहेत.”

“मग?”

“दहा वर्षं भांडतील त्या. साहेब, पेटीत जर...”

मॅनेजरने दोन्ही तळहात वर केले. “काका, मला काही माहीत नाही. तुम्ही मला काही सांगितलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. तुमच्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत. अकरा सह्या तुमच्या आहेत, माझी एकही नाही. खोट्या ठरल्या तर नोकरी जाईल, निवृत्तिवेतन जाईल, आणि वर पोलीस दारात. नीट विचार करा.”

जाताना पैलवान दारापाशी भेटला. “कोर्टपण तुझंच नाव घेतंय म्हणे,” तो म्हणाला. “जैसे थे ठेवा म्हणून.” तपासनीस हसला नाही, तेव्हा पैलवान जवळ आला. “आठ वर्षं झाली. मी कोणाला बोललो नाही.”

“माहीत आहे.”

“तू मला त्या दिवशी हमाल म्हणालास म्हणून नाही हां. तू होतास म्हणून.”

*

रविवारी दुपारी मुलगी अंगणात तिची शाळेची बस धूत होती. ती आता चौतिसाची, पंचेचाळीस पोरं रोज सुखरूप घरी सोडणारी. आवाज अजून पट्टी आपटल्यासारखा.

“बाबा, काचेवर पाणी मार. नुसता उभा काय राहतोस?”

त्याने पाणी मारलं. काचेत त्याला आपलं तोंड दिसलं, आणि मागे, बसच्या दुसऱ्या सीटवर, मान खाली घालून शिवत बसलेली ती.

“एखादी सही परत घेता येते का गं?” त्याने विचारलं.

“बँकेत तरी नाही.” मग तिने बापाकडे नीट बघितलं आणि नळ बंद केला. “काय झालं?”

त्याने सगळं सांगितलं. कोपरा, डोकं, काटा, आठ वर्षं. काचेतल्या बाईचंही सांगितलं. मुलगी चाकाजवळ उकिडवी बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती ओरडली नाही, याचंच त्याला जास्त लागलं.

“पण तुझी खात्री आहे? आत नाहीच?”

“आठ वर्षं मी स्वतःला सांगतोय की हाताची चूक झाली असेल.”

“तुझ्या हाताची?” ती म्हणाली. “शाळेत निघताना तू माझं दप्तर नुसतं उचलून सांगायचास, डबा राहिलाय म्हणून. एकदा तरी चुकलास का?”

त्याने ओल्या काचेवरून हात फिरवला.

“नोकरी गेली तर बस आहे,” ती उठत म्हणाली. “तुला मागे बसवीन, पोरं मोजायला. पण ती म्हातारी रिकाम्या पेटीशी बोलत बसली तर ते मला नाही बघवणार. तुला बघवेल?”

*

सोमवारी मॅनेजरच्या खोलीत कोर्टाचा अधिकारी, वकील मुलगी, म्हातारी. टेबलावर प्रतिज्ञापत्र, शेजारी पेन. अधिकाऱ्याने मजकूर मोठ्याने वाचला. तपासनीस उभा राहून ऐकत होता.

“करा सही,” अधिकारी म्हणाला.

“साहेब, सहीच्या आधी मला पेटी एकदा उचलायचीय.”

“वजन सकाळीच झालंय,” मॅनेजर घाईने म्हणाला. “एकतीस किलो. काट्याची नोंद आहे.”

“काटा खालून बघतो, साहेब. वर काय आहे ते त्याला दिसत नाही.”

अधिकाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. उघडायची नाही असा हुकूम होता. उचलायची नाही असा नव्हता.

नवव्या रांगेत तपासनीसाने अंगातला गोदामाचा कोट काढला, घडी घालून रॅकवर ठेवला. बाह्या सारल्या. पैलवान काही न सांगता पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला. दोन म्हातारी माणसं वाकली आणि पेटी उचलली गेली. रांगेच्या टोकापर्यंत ते चालत गेले. मागे सगळे. कोपऱ्यावर ते वळले, सावकाश, पूर्वी वळायचे तसे.

“दिलं का?” तपासनीसाने विचारलं.

“नाही,” पैलवान म्हणाला. “डोकं नाही.”

त्यांनी पेटी खाली ठेवली. तपासनीसाच्या छातीचा भाता चालू होता. त्याने अधिकाऱ्याकडे बघितलं, म्हातारीकडे बघायचं धाडस झालं नाही.

“लिहून घ्या, साहेब. पेटीत चित्र नाही. आठ वर्षांपासून नाही. मला ते आठ वर्षांपासून माहीत आहे, आणि मी आठ वेळा खोटी सही केलीय.”

मग गलका झाला. मॅनेजर बोलत होता, वकील मुलगी फोनवर बोलत होती, अधिकारी दोघांनाही गप्प करत होता. तासाभराने कोर्टाकडून हुकूम आला आणि सील तोडलं.

आत गोदामाच्याच दोन जाड चादरी होत्या, पेट्या बांधायला वापरतात त्या. चादरींच्या खाली फरशीचे तीन तुकडे. कोणी कुठल्या फरशीचे म्हणून विचारलं नाही. सगळे तिच्यावरच उभे होते. सील झाकणावर होतं. तळाचे स्क्रू मात्र बाकीच्यांपेक्षा नवे, चकचकीत. तळ कोणी कधी बघत नाही.

म्हातारी पुढे आली. पेटीच्या मागच्या फळीला आतून मऊ फोम लावला होता आणि त्यावर चौकटीचा ठसा उमटलेला होता. चार बाजू, खोल, स्वच्छ. काही वर्षं टेकून बसली होती ती तिथे. म्हातारीने हात आत घातला आणि ठशाच्या वरच्या कडेवर ठेवला.

“इथे होती,” ती म्हणाली. दुसरं काही नाही.

*

तपासनीसाला त्याच दिवशी घरी पाठवलं. पुढे चौकशी झाली, जबाब झाले, पोलीस दोनदा येऊन गेले. आधीचा एक मॅनेजर आठ वर्षांपूर्वी नोकरी सोडून परदेशी गेला होता, त्याचं नाव निघालं, पण माणूस निघाला नाही. निवृत्तिवेतन अडकलं. शेवटच्या चार मालकांनी एकमेकांवर दावे ठोकले. चौघांनीही रिकामी जागा विकली किंवा विकत घेतली होती, आणि चौघेही प्रामाणिक होते. पहिल्या पत्रकामुळे कोर्टाने चित्र म्हातारीच्या मालकीचं ठरवलं. ते कुठे आहे, हे कोर्टाला ठरवता आलं नाही.

निकालानंतर वकील मुलीचा निरोप आला. म्हातारीला भेटायचंय.

तो गेला. त्याच्या मुलीने बसने सोडलं, पोरं उतरवून परत येते म्हणाली. वकिलाच्या छोट्या खोलीत म्हातारी खिडकीजवळ बसली होती. तपासनीसाने मनाची तयारी केली होती. बोलेल ते ऐकून घ्यायचं, मान खाली घालून.

“रागावले होते मी तुमच्यावर,” म्हातारी म्हणाली. “अजूनही आहे. आधी बोलला असतात तर कदाचित सापडली असती.”

“हो, बाई.”

“आता ते राहू द्या. हे वाचून दाखवा. मला दिसत नाही.”

तिने पुढे केलेला कागद त्याचं पहिलं पत्रक होतं, त्याची नक्कल. दोन पानं. अक्षर मोठं, टपोरं, ओळी उजवीकडे चढत गेलेल्या. बारा वर्षांपूर्वी ते लिहायला त्याला सबंध संध्याकाळ लागली होती.

“बाई, हे चित्राचं वर्णन नाही. नुसती नुकसानीची यादी आहे.”

“माहीत आहे. वाचा.”

त्याने चष्मा लावला आणि नुसते ओठ हलवत नव्हे, मोठ्याने, एकेक शब्द तोडत वाचायला सुरुवात केली. “डावी वरची बाजू. खिडकीच्या चौकटीत रंग उडालेला, तांदळाएवढा.”

म्हातारीने डोळे मिटले. “खिडकी डावीकडे होती. हं.”

“कपाळावर केसांच्या कडेला बारीक जाळी. डाव्या भुवईच्या टोकाला एक ठिपका, काळा.”

“तीळ. पुढे.”

तोही ठिपका त्याने नुकसानीत धरला होता. “उजव्या डोळ्याच्या खाली रंगाला सुरकुती. दोन ओळी.”

“झोप होत नसे तिची. मी रडायचे.”

“वरच्या ओठाच्या मध्यभागी खळगा, रंग कमी.”

“पुढे.”

“उजव्या गालावर, कानाच्या पाळीपासून खाली, चीर. पाऊण बोट. वळलेली.”

“व्रण म्हणा,” म्हातारी डोळे न उघडता म्हणाली.

“व्रण,” तो म्हणाला.

खोलीत खिडकी होती, खिडकीतून उजेड येत होता, आणि त्या उजेडाच्या कडेला तिसऱ्या खुर्चीवर ती बसली होती. त्याने मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. निळा सदरा. सुई. कोऱ्या कापडावर, पाळीच्या जागेपासून खाली, एक बारीक गुलाबी रेघ उमटली होती, आत वळलेली. वर एक काळा ठिपका. बाकी अजून कोरंच.

“थांबलात का?” म्हातारीने विचारलं.

“नाही,” तो म्हणाला, आणि पान उलटलं.